पावसाची रोजकीर्द

हवामानाविषयी बोलताना आपण सारेच थोडेफार बखरकार होतो. 'असा पाऊस पूर्वी कधी झाला नव्हता' हे वाक्य दरवर्षी कानी पडते. पण किती झाला, किती वाजता झाला, असे विचारले की उत्तर मिळत नाही. इतिहासाचे अभ्यासक मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन पत्राला अधिक मान देतात. घरगुती हवामान केंद्राच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर मला अशा पत्रलेखकासारखे वाटते. म्हणूनच कलाशाखेच्या वाचकांपुढे हा विषय मांडत आहे.

गच्चीवरील उपकरणे तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस मोजतात. पर्जन्यमापकात बहुधा एक छोटे झुकते भांडे असते. ०.२ मिलिमीटर पावसाइतके पाणी साचले की ते कलंडते आणि ती खेप मोजली जाते. हे आकडे टिपून ठेवणे हे सॉफ्टवेअरचे काम. 'वीडब्ल्यूएक्स' हे टॉम केफर यांनी पायथॉन भाषेत लिहिलेले, विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर त्यांपैकीच एक. ते रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. उपकरणाकडून सतत येणारे आकडे घेऊन ते सर्वसाधारणपणे दर ५ मिनिटांनी एक ओळ लिहिते. म्हणजे दिवसाला २८८ आणि वर्षाला १,०५,१२० ओळी! जमाखर्चाच्या भाषेत ही रोजकीर्द होय. दिवसाचा उच्चांक, नीचांक, पावसाची बेरीज ही तिच्यावरून काढलेली खतावणी. खतावणी चुकली तर पुन्हा मांडता येते. रोजकीर्दच खोटी असली तर इलाज नाही.

येथेच खरा कस लागतो. समजा, दिवसभर तापमान २४ अंश आहे. पण तापमापकाची बॅटरी संपल्यामुळे ६ तासांचे आकडे आलेच नाहीत. त्या जागी शून्य लिहिले तर दिवसाची सरासरी १८ अंश भरेल. जागा कोरी ठेवली तर ती २४ च राहील. शून्य म्हणजे 'मोजले, ते शून्य भरले'. कोरी जागा म्हणजे 'ठाऊक नाही'. वीडब्ल्यूएक्समध्ये प्रत्येक मापाला किमान व कमाल मर्यादा घालून देता येते. तिच्याबाहेरचा आकडा आला तर ते स्वतःच्या कल्पनेने दुसरा भरीत नाही, जागा कोरी सोडते.

दुसरी गोष्ट वेळेची. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, तर या सॉफ्टवेअरचा मध्यरात्री. त्यामुळे एकाच रात्रीचा पाऊस दोन ठिकाणी वेगवेगळ्या तारखांवर चढतो आणि कोणीतरी चुकले असे उगाच वाटते. प्रत्येक ओळीवर वेळ असल्याने ८.३० प्रमाणे बेरीज नव्याने करता येते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच वेळी कुलाब्यात सुमारे ७४. एकाच शहरात एवढे अंतर! 'मुंबईत किती पाऊस पडला?' या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतेच. सरकारी केंद्रे गल्लोगल्ली असणे शक्य नाही. मधल्या जागेची साक्ष घरोघरच्या नोंदीच देऊ शकतात. मात्र ती साक्ष मानली जावी असे वाटत असेल, तर जेथे ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडण्याचा प्रामाणिकपणा नोंदवहीत हवा.