विश्लेषण : नखावरचे पांढरे ठिपके निरुपद्रवी, मग काळ्या पट्ट्याचे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात २०२५च्या सुरुवातीला लोकांचे केस गळू लागले आणि एप्रिलमध्ये त्याच भागातून नखे विद्रूप होऊन गळून पडत असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा राज्यात बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच आपली नखे निरखून पाहिली असतील. एरवी नखाकडे लक्ष जाते ते ते तुटल्यावर किंवा नेलपॉलिश लावताना. पांढरा ठिपका दिसला की ‘कॅल्शियम कमी पडले’ म्हणून गोळ्या आणल्या जातात आणि पायाच्या नखावरचा काळा पट्टा मात्र ‘ठेच लागली असेल’ म्हणून वर्षभर तसाच राहतो. व्हायला हवे याच्या नेमके उलट.

बुलढाण्यात नखे का गळली?

केसगळतीचे रुग्ण डिसेंबर २०२४च्या अखेरीस आणि जानेवारीत समोर आले, नखांच्या तक्रारी त्यानंतर तीनेक महिन्यांनी. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि गव्हाचे नमुने तपासून रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. ते जास्त झाले की केस आणि नखे ही पहिली लक्ष्ये ठरतात, हे जुनेच निरीक्षण आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६०च्या दशकात सेलेनियमयुक्त जमिनीत पिकलेले अन्न खाऊन लोकांचे केस आणि नखे गळाली होती. केस आणि नखे दोन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाला बळकटी देतात ते त्यातील गंधकाचे बंध. सेलेनियम गंधकाची जागा घेते आणि हे बंध कच्चे राहतात, असे मानले जाते.

मग केस आधी आणि नखे नंतर, असे का? याचे उत्तर नखाच्या वाढीच्या वेगात आहे.

नख किती वेगाने वाढते?

आपल्याला दिसणारे नख मृत असते. ते तयार होते बोटाच्या कातडीखाली, नखाच्या मुळाशी असलेल्या मॅट्रिक्स नावाच्या पेशींच्या थरात. अंगठ्याच्या नखावर दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा याच मॅट्रिक्सचा बाहेर डोकावणारा भाग. तेथे नव्या पेशी तयार होतात, कडक होतात आणि पुढे ढकलल्या जातात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहून कमी ते निम्मे. म्हणजे हाताचे नख पूर्ण नवे यायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याचे यायला वर्ष ते दीड वर्ष.

हा हिशेब पडताळून पाहायचा तर पुण्याचे श्रीधर चिल्लाळ आहेत. त्यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे वाढवली आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती कापली. पाच नखांची एकत्रित लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली, त्यात एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटर. महिन्याला ३ मिलिमीटर धरले तर ६६ वर्षांत सुमारे २३८ सेंटिमीटर होतात. वयाबरोबर वाढ मंदावते हे लक्षात घेतले तर गणित बऱ्यापैकी जुळते.

याचा अर्थ, मॅट्रिक्सला आज धक्का बसला तर तो नखावर दिसायला काही आठवडे आणि नख सुटून यायला आणखी वेळ लागतो. बुलढाण्यात केसांनंतर काही महिन्यांनी नखांची तक्रार येणे हे या वेगाला धरूनच होते.

नखावरील आडवी खाच म्हणजे काय?

संगणकाच्या लॉग फाइलमध्ये प्रत्येक बिघाडाची वेळ नोंदलेली असते. नखाचे तसेच आहे. मोठा ताप, डेंग्यू, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीच्या काळात शरीर नखनिर्मिती थोपवते किंवा मंदावते. आजार सरला की काम पुन्हा सुरू होते आणि मधल्या काळाची आडवी खाच नखावर उरते. फ्रेंच वैद्य जोसेफ बो यांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘बोज लाइन’ म्हणतात. खाच नखाच्या मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर घटना साधारण दोन-तीन महिन्यांपूर्वीची. करोनानंतर अनेकांच्या नखांवर अशा रेषा दिसल्या होत्या. सगळ्या बोटांवर एकाच उंचीवर खाच असेल तर कारण शरीरातले. एकाच बोटावर असेल तर बहुधा दार लागलेले किंवा हातोडी बसलेली. खाच नखाबरोबर पुढे सरकते आणि कापली जाते. तिच्यासाठी औषध लागत नाही.

लहान मुलांच्या पालकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड आणणारा ‘हँड, फूट अँड माउथ’ हा विषाणूजन्य आजार बरा झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी मुलाची नखे मुळापासून सुटू लागतात. तोवर आजार विस्मरणात गेलेला असतो आणि घरात धास्ती पसरते. खाली नवे नख येतच असते. सुटलेले नख ओढू नये, एवढेच.

पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेने येतात का?

नाही. नखात कॅल्शियम नाममात्र असते आणि नखाचा कडकपणा त्यावर अवलंबून नसतो. पांढरे ठिपके येतात ते मॅट्रिक्सला बसलेल्या बारीकसारीक माराने. टेबलावर बोटे वाजवणे, नखाने डबा उघडणे, नखे कुरतडणे, मॅनिक्युअरमध्ये मुळाशी दाब देणे, असे काहीही पुरते. मुलांमध्ये ते जास्त दिसतात, कारण मुले जास्त आपटतात. वय वाढेल तशा उमटणाऱ्या उभ्या बारीक रेषाही सुरकुत्यांइतक्याच निरुपद्रवी.

कमतरता खरेच दिसते ती वेगळ्या रूपात. नख पातळ होते, मधोमध खोलगट होते, त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर राहील इतके. हे चमच्यासारखे नख लोह कमी असल्याची खूण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. नख असे होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. थकवा आणि धाप असेल तर हिमोग्लोबिनची साधी तपासणी पुरेशी असते. (तान्ह्या बाळांच्या पायाची नखे अशी खोलगट असणे नैसर्गिक आहे.)

पायाचे पिवळे, जाड नख म्हणजे फंगसच का?

येथे सर्वाधिक पैसे आणि वेळ वाया जातो. नख पिवळे, जाड, भुसभुशीत झाले की औषध दुकानातून मलम आणले जाते. पण बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, घट्ट बुटांचा वर्षानुवर्षांचा दाब असतो किंवा जुनी जखम. सोरायसिसमध्ये नखावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात आणि टाळूवर किंवा कोपरावर खवलेही असू शकतात. तेथे बुरशीचे औषध कितीही घेतले तरी उपयोग नाही.

म्हणून आधी तपासणी. नखाचा किंवा नखाखालच्या भुशाचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही स्वस्त चाचणी आहे आणि औषध सुरू करण्यापूर्वी ती करण्याचा आग्रह रुग्णानेच धरायला हरकत नाही. बुरशी नक्की झाली तर बहुतेकदा तोंडाने घ्यायचे टर्बिनाफिन दिले जाते. हाताच्या नखांसाठी सहा आठवडे, पायाच्या नखांसाठी बारा. यकृताचा त्रास असल्यास किंवा इतर औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना ते आधी सांगावे लागते. नुसते मलम नखाच्या जाडीतून आत फारसे पोहोचत नाही. सौम्य संसर्गात औषधी लॅकर वापरतात, तेही महिनोन्‌महिने. खाज येते म्हणून घरात पडलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले तर खाज थांबते आणि बुरशी पसरते.

सर्वांत मोठी निराशा येते ती गोळ्या संपल्यावरही नख तसेच दिसते म्हणून. खरे तर बुरशी मेलेली असू शकते, पण खराब झालेला भाग पुढे सरकून कापला जायला पायाच्या अंगठ्यात वर्षभर लागते. मुळाशी स्वच्छ नख येत आहे का, हे पाहायचे. महिन्यातून एकदा त्याच प्रकाशात फोनवर फोटो काढला तर फरक कळतो. मधुमेहींनी मात्र पायाच्या जाड किंवा आत रुतलेल्या नखावर घरी ब्लेड चालवू नये. संवेदना कमी झालेल्या पायात छोटी जखमही लक्षात येत नाही आणि चिघळते.

नखुरडे वारंवार का होते?

नखाच्या कडेची कातडी लाल होऊन ठणकते, पू होतो, ते नखुरडे. अचानक झाले आणि पू साठला तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. पण भांडी-धुणी करणाऱ्या महिला, हॉटेलातील कामगार, मासळी साफ करणाऱ्या कोळिणी यांच्यात वेगळा प्रकार दिसतो. कातडी महिनोन्‌महिने सुजलेली, नख वेडेवाकडे आणि मुळाशी असलेली क्युटिकलची पातळ पट्टी नाहीशी झालेली. क्युटिकल हे नखाचे सील आहे. ते पाणी आणि साबणाने गळून पडले की आत ओल शिरते. अशा वेळी केवळ बुरशीचे औषध पुरत नाही. बोटे कोरडी ठेवणे हाच मुख्य उपचार. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालणे उपयोगी पडते. दिवसभर हात पाण्यात असणाऱ्या कामगाराला ‘हात कोरडे ठेवा’ सांगणे सोपे आहे. मोजे आणून देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी असते.

पार्लरमध्ये ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून क्युटिकल कापतात, तेव्हा हेच सील पैसे देऊन काढले जाते.

जेल नेलपॉलिश धोक्याचे आहे का?

कधीमधी लावण्याने मोठे नुकसान होत नाही. त्रास होतो तो ते खरवडून काढल्याने, कारण त्यासोबत नखाचा वरचा थरही निघतो. दुसरा प्रश्न अ‍ॅलर्जीचा. जेलमधील अ‍ॅक्रिलेट रसायने पूर्ण सुकण्याआधी कातडीला लागली तर आयुष्यभराची अ‍ॅलर्जी होऊ शकते. घरगुती किटमध्ये हा धोका जास्त. युरोपीय संघाने जेलमधील टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

नखे तुटतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात. रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

कोणत्या खुणांकडे दुर्लक्ष नको?

पहिली, काळी-तपकिरी उभी पट्टी. सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर अशा फिकट पट्ट्या असणे सामान्य आहे. काळजी तेव्हा, जेव्हा प्रौढ वयात एकाच नखावर नवी पट्टी येते, ती रुंदावते, तिचा रंग एकसारखा नसतो किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरतो. हा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असू शकतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो निघाला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. माराने साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मागे स्वच्छ नख येते. डाग सरकत नसेल किंवा मार लागल्याचे आठवतच नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मेलानोमा दुर्मीळ आहे, पण वेळेत निदान आणि उशिरा निदान यांतील अंतर फार मोठे आहे.

दुसरी खूण बोटांच्या टोकांची. टोके फुगीर आणि नखे घड्याळाच्या काचेसारखी बाहेर गोल झाली तर फुप्फुस, हृदय किंवा यकृताचा आजार असू शकतो. दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून धरली की मुळाशी चौकटच्या पानावरील खुणेसारखी छोटी फट दिसते. ती फट दिसत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये मांडली. हृदयाच्या आतील आवरणाच्या संसर्गाने ते स्वतःच आजारी होते आणि हा बदल त्यांनी स्वतःच्या बोटांवर टिपला होता.

नखे कापताना काय करावे?

आंघोळीनंतर नखे मऊ असताना कापावीत. पायाची नखे सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर गोल कापले की अंगठ्याचे नख मांसात रुतते. घरात नेलकटर एकच असेल आणि एखाद्याला बुरशी असेल तर त्याचा वेगळा ठेवावा. पावसाळ्यात ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच चढवू नयेत. आणि शस्त्रक्रियेच्या आधी नेलपॉलिश काढायला सांगतात ते यासाठी, की बोटाला लावलेले ऑक्सिमीटर नखातून जाणाऱ्या प्रकाशावर चालते आणि गडद रंगाने त्याचे आकडे चुकू शकतात.