आधी घड्याळ बघा

सुरुवात बहुतेक वेळा क्षुल्लक वाटावी अशी असते. फोनवरचा मेसेज वाचताना मधलं एक अक्षर दिसेनासं होतं. त्याच्याकडे रोखून पाहावं तर तिथलं सापडतं आणि शेजारचं जातं. चष्मा पुसला, डोळ्यांवर पाणी मारलं, तरी ते छिद्र जागचं हलत नाही. थोड्या वेळाने छिद्राच्या कडेला एक झगमगती रेघ उमटते. ती सरळ नसते, लहान लहान कोनांत मोडलेली असते आणि सतत थरथरत असते. डोळे मिटले तरी ती दिसतेच. मग तिची कमान होते, कमान मोठी होत होत नजरेच्या एका कडेकडे सरकते आणि तिच्या पोटातला भाग कुणी खोडून टाकावा तसा कोरा पडतो. एवढं होईपर्यंत डोकं बहुधा दुखतही नसतं.

हे आयुष्यात पहिल्यांदा घडतं तेव्हा 'मायग्रेन' हा शब्द कुणाच्या मनात येत नाही. मनात येतो तो पडदा सरकल्याचा विचार, नाहीतर अर्धांगाचा, नाहीतर डोक्यातल्या गाठीचा. मायग्रेन म्हणजे डोकेदुखी, असंच आपण ऐकत आलेलो असतो आणि इथे डोकेदुखी अजून यायचीच असते. डोकं धरण्याआधीच्या या खेळाला डॉक्टर 'ऑरा' म्हणतात. मायग्रेन असलेल्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला तो कधी ना कधी होतो आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तो डोळ्यांपुढेच दिसतो. मायग्रेन मुळातच दुर्मीळ नाही. शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या घरात निघालं होतं. तरीही पहिल्या ऑराच्या वेळी माणूस एकटा पडतो, कारण आपल्याला जे दिसतंय ते शेजारी बसलेल्याला दिसत नाही.

अशा वेळी काय करावं, याचं सर्वांत उपयोगी उत्तर औषधाच्या डब्यात नसतं, भिंतीवरच्या घड्याळात असतं.

माझ्या भाचीला हा अनुभव पुण्यात, अभ्यासिकेत बसलेली असताना आला. फोनवर तिचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, समोरच्या मुलीचा मला अर्धाच चेहरा दिसतोय गं." तिच्या आजीने पलीकडून निदान करूनही टाकलं: पित्त झालंय, ओकून टाक म्हणावं. शेजारच्या मैत्रिणीने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. नोट्सच्या झेरॉक्सच्या पाठीवर ती वेळा टिपत राहिली. '३.१० डोळा. ३.३० बोटांना मुंग्या. ३.४० ओठ.' एवढंच. दोघी रिक्षाने दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं, हातापायांतली ताकद पाहिली, बोलतं केलं आणि मग तो कागद मागून घेऊन दोनदा वाचला. निदानाचा निम्मा भाग त्या तीन ओळींत होता.

हे तंत्र जुनंच आहे. ह्यूबर्ट एअरी हा इंग्रज डॉक्टर स्वतः या ऑराचा धनी. त्याचे वडील जॉर्ज एअरी ग्रीनिचच्या वेधशाळेचे राजखगोलशास्त्रज्ञ, आणि हा प्रकार त्यांनाही व्हायचा. ह्यूबर्टने स्वतःला दिसणाऱ्या कमानीची चित्रं टप्प्याटप्प्याने काढली आणि १८७० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. ठिपका, मग नाल, मग तटबुरुजांच्या नकाशासारखी कोनाकोनांची रंगीत कमान. आज न्यूरॉलॉजिस्टच्या भिंतीवर जी चित्रं दिसतात, त्यांतली बरीचशी त्याच घराण्यातली. पुढे १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक पाऊल पुढे टाकलं. आपल्याला दिसणारं छिद्र किती मिनिटांत किती वाढतं, याचे आराखडे काढून त्याने हिशेब मांडला: मेंदूच्या मागच्या बाजूच्या, दृष्टीचं काम करणाऱ्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावं. काय सरकतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

ते सापडलं तीन वर्षांनी, आणि तेही दुसरंच शोधताना. आरिस्तिदिस लेआओ हा ब्राझीलचा तरुण संशोधक हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करत होता. मेंदूच्या पृष्ठभागावर एका जागी उद्दीपन दिलं की तिथल्या पेशींची विद्युत हालचाल मंदावते आणि हा मंदपणा हळूहळू आजूबाजूला पसरत जातो, असं त्याच्या लक्षात आलं. वेग मिनिटाला काही मिलिमीटर. लॅशलीचा आकडा आणि लेआओची लाट एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे नीट जुळायला १९५८ साल उजाडलं. २००१ मध्ये ऑरा चालू असतानाच तीन जणांच्या मेंदूचं एमआरआयने चित्रण करता आलं, तेव्हा माणसातही तशीच लाट दिसली. वेग मिनिटाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. कागद-पेन्सिलीने काढलेल्या उत्तराच्या इतकं जवळ यंत्राचं उत्तर यावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

लाटेच्या पुढच्या कडेला पेशी क्षणभर भडकतात, म्हणून झगमग दिसते. लाट गेली की त्या काही काळ गप्प पडतात, म्हणून मागे कोरी जागा राहते. नजरेच्या मध्यबिंदूला मेंदूने भरपूर जागा दिलेली आहे आणि कडेच्या भागाला थोडी, त्यामुळे लाट एकाच वेगाने चालली तरी कमान कडेला जाताना मोठी आणि वेगवान भासते. डोळ्यांत बिघाड काहीच नसतो. एकेक डोळा झाकून पाहिला तर हे लगेच कळतं: दोन्ही डोळ्यांना त्याच बाजूला तीच कमान दिसते. एकच डोळा झाकल्यावर दिसणं पूर्ववत झालं, तर दोष त्या डोळ्याचा किंवा त्याच्या रक्तपुरवठ्याचा, आणि त्यासाठी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

लाट पुढे स्पर्शाच्या भागात शिरली तर बोटांना मुंग्या येतात. त्या मनगटावरून कोपरापर्यंत चढतात, मग दंड-खांदा सोडून एकदम ओठ आणि अर्ध्या जिभेवर येतात, कारण मेंदूच्या नकाशात हात आणि तोंड शेजारी आहेत. कधी शब्द सापडेनासे होतात. 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून भलतंच येतं. भीती वाटते ती इथे, आणि वाटायलाच हवी. पण क्रम आणि वेळ पाहा. ऑरात एकेक लक्षण पाच मिनिटांहून अधिक वेळ घेत हळूहळू पसरतं, पाच ते साठ मिनिटं टिकतं, एक ओसरताना दुसरं येतं, आणि त्यात सहसा काहीतरी जास्तीचं असतं: झगमग, मुंग्या.

पक्षाघाताचं बहुतेक वेळा उलट असतं. सगळं एका क्षणात होतं आणि काहीतरी जातं: हातातली ताकद जाते, तोंड एका बाजूला वाकतं, बोलणं बंद होतं, अर्धी नजर एकदम काळी होते. असं झालं तर घड्याळ एवढ्यासाठीच पाहायचं की 'शेवटचं ठीक कधी होतं' ते सांगता यावं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. १०८ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. काही सेकंदांत शिगेला पोहोचलेली, 'आयुष्यात अशी कधी दुखली नाही' अशी डोकेदुखी; सोबत ताप आणि ताठलेली मान; तासाभरापेक्षा लांबलेला ऑरा; गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण; पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेला ऑरा, यांतलं काहीही असेल तर 'मायग्रेनच असेल' म्हणून घरी थांबू नये. खरं तर पहिला ऑरा, कितीही नमुनेदार असला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी माणूस स्वतः ओळखतो.

स्कूटरवर असाल तर ती बाजूला लावायची आणि नजर साफ होईपर्यंत उचलायची नाही. एवढी एक गोष्ट लोक हमखास करत नाहीत. 'घर जवळच आहे' म्हणून निघतात, आणि डाव्या हाताची रिक्षा नेमकी त्या कोऱ्या भागात असते.

ऑरा ओसरता ओसरता, बहुधा तासाभराच्या आत, डोकं धरतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्यावरच्या आवरणांना. लाटेमुळे सुटलेली रसायनं तिथल्या मज्जातंतूंची टोकं चेतवतात, आणि ती टोकं सीजीआरपी नावाचं प्रथिन सोडून दुखणं वाढवत नेतात. या साखळीवरच्या कामासाठी चार संशोधकांना २०२१चा ब्रेन प्राइझ मिळाला, आणि सीजीआरपीला अडवणारी नवी औषधं त्यातूनच आली. सोसणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की कपाळाची एक बाजू ठणकतेय, जिना चढला की घण बसतोय, फोडणीचा वास सोसवत नाही आणि ट्यूबलाइट म्हणजे शिक्षा वाटते.

अंधारी खोली, कपाळावर गार पाण्याची घडी, घोटघोट पाणी हे सगळं करावंच. सुंठ उगाळून लेप लावणं, ओढणी घट्ट बांधणं यानेही काहींना बरं वाटतं आणि त्यात तोटा नाही. गोळीचा मात्र मुहूर्त असतो. मायग्रेनमध्ये जठर सुस्तावतं. गोळी पोटात पडून राहते आणि दुखणं पुढे निघून जातं. म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयब्यूप्रोफेन-नॅप्रोक्सेनसारखी गोळी डोकं दुखू लागताच, पुऱ्या डोसमध्ये घ्यायची. 'बघू जरा वेळ, नाहीच थांबलं तर घेऊ' हा आपल्याकडचा संयम इथे महागात पडतो. उलटीची गोळी सोबत दिली तर ती उलटीपुरती नसते, ती जठरही हलवते. अल्सर, किडनीचा त्रास किंवा डेंग्यूच्या दिवसांतला ताप असेल तर आयब्यूप्रोफेनच्या वाटेला जाऊ नये, आणि पहिल्याच वेळी, निदान झालेलं नसताना, अ‍ॅस्पिरिनही घेऊ नये.

सुमाट्रिप्टान-रायझाट्रिप्टान या गोळ्या खास मायग्रेनसाठीच्या. त्या ऑरा चालू असताना नव्हे, डोकं दुखू लागल्यावर घ्यायच्या. ऑराच्या वेळी घेतल्या तर सहसा फुकट जातात. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असणाऱ्यांना त्या चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीच्या पर्समधून उसन्या घेऊ नयेत. आणखी एक हिशेब कॅलेंडरवर ठेवावा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते.

आता आजीच्या पित्ताबद्दल. उलटी झाल्यावर अनेकांचं डोकं खरंच उतरतं, त्यामुळे समज पक्का होतो. पण मळमळ हा झटक्याचाच भाग आहे, त्याचं मूळ नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं काढलेलं आणि मायग्रेनचं निदान चाळिशीत झालेलं एखादं तरी माणूस आपल्या प्रत्येक घरात सापडेल. आजी एका बाबतीत मात्र बरोबर असते: चतुर्थीचा निरंकार उपवास, त्यात सकाळचा चहा सुटलेला, वर ऊन आणि रात्रीचं जागरण. एवढं जुळून आलं की अनेकांचं डोकं धरतंच. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली. या रुग्णांचा झटका डोक्यावरून न्हाण्याने सुरू होत असे. परदेशी पुस्तकांत ही नोंद क्वचितच मिळेल, आपल्याकडे बायका ती कधीपासून सांगताहेत. चॉकलेटला दोष देण्याआधी मात्र थांबावं. झटक्याच्या आदल्या दिवशी गोड खावंसं वाटणं, जांभया येणं, मान आखडणं ही झटका सुरू झाल्याचीच चिन्हं असू शकतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर एमआरआय काढलाच पाहिजे असं नाही. नमुना ठरलेला असेल आणि तपासणीत काही वावगं नसेल तर पुष्कळदा गरज पडत नाही. रुग्णापेक्षा घरचेच त्यासाठी जास्त अडून बसतात. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, फ्लूनारिझिन, अमिट्रिप्टिलीन अशा रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नयेत.

आणि बायकांनी एक गोष्ट आपणहून सांगायची, कारण न्यूरॉलॉजिस्टची फाइल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची फाइल एकमेकींना भेटत नाहीत. ऑरासह मायग्रेन असेल तर पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुणपणी मुळातला धोका फार कमी असल्याने दुप्पट होऊनही तो लहानच राहतो, पण सिगारेट आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तो वाढवतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असणाऱ्या स्त्रीने अशा गोळ्या घेऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. सरकारी दवाखान्यातली माला-एन ही त्यातलीच, आणि पीसीओडीसाठी किंवा पाळी नियमित व्हावी म्हणून लिहून दिलेल्या गोळ्याही अनेकदा त्याच जातीच्या असतात. चिठ्ठीवर 'गर्भनिरोधक' असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही. तांबी आहे, इस्ट्रोजेन नसलेल्या गोळ्या आहेत, छाया नावाची गोळी आहे. बदलून मागता येतात.