नऊ दिवसांचा बंदोबस्त

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात आपल्या कचेरीत पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि त्यात कारण म्हणून मूळव्याधीची शस्त्रक्रिया नमूद केली. मूळव्याध त्यांना नव्हती. त्यांनी डोक्यावर केस रोवून घेतले होते. ज्या व्याधीचा उच्चार मनुष्य एरवी वैद्यापाशीही दबक्या आवाजात करतो, ती साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांच्या हाती पडणाऱ्या कागदावर स्वहस्ते लिहून देणे ज्याला अधिक प्रतिष्ठेचे वाटले, त्या सद्गृहस्थाच्या मनातील लज्जेचा हिशेब मला काही केल्या लागेना; आणि त्या कुतूहलापोटीच, त्यांच्याच ओळखीने, पुण्यात डेक्कनच्या बाजूला असलेल्या एका केशरोपणाच्या दवाखान्यात जाऊन बसण्याची परवानगी मी मिळवली.

शस्त्रक्रियेचे वर्णन एका वाक्यात आटोपते. डोक्याच्या मागच्या बाजूस, कानापासून कानापर्यंतच्या ज्या पट्ट्यातील केस सहसा अखेरपर्यंत साथ सोडत नाहीत, तेथून जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पात्याने एकेक मूळ गोलाकार कापून चिमट्याने उचलायचे, थंड द्रावणात ठेवायचे आणि पुढच्या उजाड मुलखात सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांत एकेक बसवायचे. दोन-अडीच हजार मुळे असली की सकाळी आडवा झालेला मनुष्य दिवे लागण्याच्या सुमारास उठतो. जाहिरातींच्या फलकांवर जे काही असते ते या एका दिवसाविषयी असते. त्यानंतरचे सारे काम दवाखान्याच्या मागील अंगास, मालवाहू लिफ्टच्या शेजारच्या एका अरुंद खोलीत चालते, आणि मला तेच पाहावयाचे होते.

त्या खोलीला एक वास आहे. आयोडीनचे औषध, तान्ह्या मुलांचा शाम्पू आणि कोमट पाण्याने सुटू लागलेले जुने रक्त, या तिहींच्या मिश्रणातून तो उत्पन्न होतो, आणि पहिल्या दिवशी घरी आल्यावर जेवणाच्या ताटापर्यंत तो माझ्यासोबत आला. खोलीत सलूनमध्ये असते तशी मान मागे टाकावयाची खुर्ची आणि बेसिन. तेथे डोकी धुण्याचे काम करणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, मूळचे वाईचे, जातीने व धंद्याने नाभिक. सगळे त्यांना मामा म्हणतात. डॉक्टरही मामाच म्हणतात.

तिसऱ्या दिवसाचा रुग्ण आत येतो तेव्हा तो प्रथमदर्शनी कोणा मारामारीतून सुटून आल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रियेच्या वेळी टाळूत टोचलेले बधिरतेचे औषध आणि सलाईनचे पाणी आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरते, प्रथम कपाळ फुगते, मग भुवया, मग पापण्या, आणि काहींचे डोळे तर इतके मिटतात की त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत आणावे लागते. डोक्यावर, मोहरीएवढ्या काळपट खपल्यांची दाट पेरणी. यांपैकी प्रत्येक खपलीखाली एक मूळ आहे, त्याला अद्याप स्वतःचा रक्तपुरवठा नाही, भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या रसावर ते तग धरून आहे, आणि निष्काळजी बोट लागले तर ते निघून येईल, ही जाणीव रुग्णाला चांगलीच झालेली असते. त्यामुळे तो मान अशी धरतो की जणू ती त्याची नव्हेच.

मामा आधी आपले हात धुतात, मग पाण्यात कोपर बुडवून पाहतात. फेस ते तळहातावर करतात, डोक्यावर नव्हे. आणि तो फेस बोटे न लावता नुसता टेकवतात, उचलतात, पुन्हा टेकवतात. "दाबायचं, घासायचं न्हाई," असे ते प्रत्येकाला बजावतात, कारण पुढच्या दिवसांचे धुणे त्याला घरी स्वतः करावयाचे असते. नंतर मगाने पाणी, आणि तेही थेट नाही: मग उजव्या हातात, डावा तळहात मध्ये आडवा, पाणी आधी त्या तळहातावर पडते, तेथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते डोक्यावर पसरते. नळाची धार त्या डोक्यास लागू द्यावयाची नाही हा येथील पहिला हुकूम. पाणी बेसिनमध्ये प्रथम तांबूस, मग फिकट, मग स्वच्छ होत जाते, आणि तो वास खोलीत पुन्हा वर येतो.

"नऊ दिवस," मामा टॉवेल नुसता टेकवीत म्हणतात. "नऊ दिवस सांभाळा. मग कुणी हिसडा मारला तरी भ्यायचं कारन न्हाई."

हा आकडा मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की तो कोठून आला हे शोधणे मला भाग पडले. अमेरिकेतील बर्नस्टाईन आणि रासमन या डॉक्टरांनी २००६ साली नेमके हेच तपासले होते: रोवलेला केस ओढला, खपली ओढली, तर मूळ कोणत्या दिवसापर्यंत बाहेर येते? पहिले दोन दिवस केस ओढताच ते येते. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून येत नाही. आणि नवव्या दिवसापासून खपली ओढली तरी येत नाही. मामांनी हा निबंध वाचलेला नाही. त्यांच्या आकड्याला एक दुसराच संदर्भ होता, तो त्यांनी एकदा काम आटोपल्यावर सांगितला. वाईला असताना कृष्णेच्या घाटावर दहाव्याला डोकी करण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे होते. "नऊ दिवस सुतक, दहाव्याला केस उतरवायचे. जन्मभर तेच केलं. हितं नऊ दिवस केस राखायचे, आणि दहाव्याला म्हनायचं, र्‍हायले." एवढे बोलून ते बेसिन घासू लागले.

नऊ रात्री कशा जातात, हे रुग्णांपेक्षा त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींकडून अधिक कळते. पहिल्या काही रात्री पाठीशी उशांचा ढीग रचून, गळ्यात प्रवासाची उशी अडकवून, पंचेचाळीस अंशांच्या कोनात अर्धवट बसून झोपावयाचे. कुशीवर वळणे नाही, पुढे वाकणे नाही, वजन उचलणे नाही. बारामतीहून आलेल्या एका तरुणाची पत्नी तासातासाचा गजर लावून सलाईनचा फवारा मारीत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्याच्या सुजेपेक्षा मला अधिक गंभीर वाटली. लग्न ठरत नव्हते तेव्हा हा खर्च केला असता तर समजण्याजोगे होते, असे ती मला, त्याच्या समोरच, शांतपणे म्हणाली.

आठव्या-नवव्या दिवशीच्या धुण्यात खपल्या काढतात. फेस बराच वेळ भिजत ठेवून मामा बोटांच्या पेरांनी, नखे पूर्णपणे बाजूस ठेवून, लहान लहान वर्तुळे काढतात, आणि खपल्या सुटून फेसात काळ्या तिळांसारख्या दिसू लागतात. येथे हमखास आरडाओरड होते, कारण खपलीबरोबर केसही येतो. असा एक केस मामांनी चिमट्यात धरून खिडकीकडे केला आणि मला जवळ बोलावले. दोन-तीन मिलिमीटरचा तो तुकडा. टोकाला इवलीशी फिकट गाठ. रक्ताचा मागमूस नाही. "रगत न्हाई, म्हंजे मूळ आतच हाय. ह्यो नुसता दांडा." रुग्ण मात्र त्या दांड्याकडे असा पाहत होता की पैसे परत मागावेत की रडावे याचा त्याला निर्णय करता येईना.

त्याचे खरे रडणे पुढेच होते. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत रोवलेले बहुतेक केस गळून जातात. मुळाला बसलेल्या धक्क्यामुळे ते विश्रांतीच्या अवस्थेत जाते, ती सुमारे तीन महिने चालते, आणि मग कोठे नवा, प्रथम बारीक व वेडावाकडा, केस डोके वर काढतो. अंतिम स्वरूप दिसावयास वर्ष लागते. हे छापील पत्रकात दिलेले असते, तोंडीही सांगितलेले असते. तरीही आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कामी पत्रक येत नाही. या दरम्यानचे दूरध्वनी स्वागतकक्षातील मुलीकडे येतात आणि तिची समजूत घालण्याची शक्ती संपली की मामांकडे.

या सर्वाचा शास्त्रीय आधार भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच केसांसह त्वचेचे बारीक तुकडे रोवण्याची रीत प्रसिद्ध केली होती. ती जपानी भाषेत होती आणि पाठोपाठ महायुद्ध आले, म्हणून ती पश्चिमेला ठाऊक झाली नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिले की मागचा केस पुढे आणला तरी तो मागचाच स्वभाव राखतो. दुसऱ्या तालुक्यात बदली झालेला कारकून जसा मूळ कचेरीच्याच रीतीने दप्तर चालवतो, तसा. पण पुढे जे केस आधीपासून शिल्लक आहेत त्यांना हा नियम लागू नाही. ते आपल्या जुन्या क्रमाने विरळ होतच राहतात, आणि म्हणून फिनास्टेराइडची गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. फलकांवर या गोळीचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. केसामागे नव्हे, ग्राफ्टमागे, म्हणजे रोवलेल्या एकेका मुळामागे, दर सांगणाऱ्या या व्यवसायात हौशी हातांचाही इतका सुळसुळाट झाला, की ध्वनिचित्रफिती पाहून वा कार्यशाळांना हजर राहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी बजावावे लागले. ज्या देशात हे लिहून द्यावे लागते तेथे रुग्णाने आपले डोके कोणाच्या हाती द्यावे याविषयी मी साशंक राहिलो तर त्यात माझा दोष नाही. मामांच्या हाती मात्र मी दिले असते. घरी पाठवताना जो कागद देतात त्यावर शल्यचिकित्सकाचे नाव, ग्राफ्टची संख्या, औषधांची यादी, पुढील तपासणीची तारीख असते. धुण्याचा रकाना नसतो. मामांना पैसे डोक्यामागे मिळतात, आणि त्याची नोंद ते स्वतःच्या खिशातल्या वहीत ठेवतात.

माझ्या तेथील शेवटच्या दुपारी हडपसरचा एक पोरगेला अभियंता पाचव्या दिवशीच येऊन बसला होता. त्याला हेल्मेटची परवानगी हवी होती.

"तीन आठवडे न्हाई," मामा म्हणाले.

"मग बिनहेल्मेट चालवू? चौकात पावती फाडतात."

"गाडी ठेवा. बशीनं जावा."

"बसमध्ये गर्दीत वरचा दांडा डोक्याला लागला तर?"

मामांनी क्षणभर विचार केला. "बुटक्या मान्साला न्हाई लागत. तुम्ही बसा की निवांत." पोरगा खरोखरच ठेंगणा होता, तो सुजलेल्या डोळ्यांनी आधी रागावला, मग हसला, आणि हसताना कपाळ ताणून दुखले म्हणून पुन्हा रागावला. मामांनी पाण्यात कोपर बुडवून पाहिले आणि त्याला मान मागे टाकावयास सांगितले.