बालकथेतील दिव्यांग नायक

मुंबईकडून कर्जतमार्गे येणारा लोहमार्ग पळसदरीस दुभंगतो; एक फाटा बोरघाट चढतो, दुसरा खोपोलीस जातो. या परिसरातील डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीतून शाळेस येणाऱ्या मुलाचा पाय अधू असेल, तर पावसाळ्यातील निसरडी पायवाट हीच त्याची पहिली परीक्षा ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. शाळेत पोचलेल्या या मुलाला ग्रंथपेटीतील गोष्टींत मात्र आपल्यासारखा नायक क्वचितच भेटतो.

जुन्या बालसाहित्यात अशी मुले नव्हती असे नाही. योहाना स्पिरी यांच्या 'हायडी' या १८८०-८१ मधील कथेतील क्लारा चाकांच्या खुर्चीत बसते आणि आल्प्सच्या हवेत चालू लागते. व्यंग दूर झाल्याखेरीज गोष्ट गोड व्हायची नाही, असा जणू संकेतच होता. ज्याचे व्यंग जाणारे नाही, त्या वाचकाने यातून काय घ्यावे? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आर. जे. पलासिओ यांच्या 'वंडर' या कादंबरीत चित्र पालटलेले दिसते. तिचा नायक ऑगी याच्या चेहऱ्याची ठेवण जन्मतःच निराळी आहे. अखेरपर्यंत चेहरा तोच राहतो. बदलते ते सहाध्यायांचे वर्तन.

मराठीत माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला, संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) हा चित्रपट सर्वपरिचित आहे. डोळ्यांचा कर्करोग झालेल्या परशुरामचा जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार, हे सत्य तेथे टाळलेले नाही. तथापि ही कथा प्रामुख्याने आजोबांच्या मनातून उलगडते. अंध परशुरामची शाळा, त्याचे खेळ, त्याची भांडणे यांची कथा खरे तर त्यानंतर सुरू व्हावयास हवी.

शिक्षकांच्या दृष्टीने तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' (१९८१) अधिक उपयुक्त होय. त्याचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. हे पुस्तक काल्पनिक नसून शाळेच्या आठवणींचे आहे. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान मोठ्या खटपटीने झाडावर चढविते. वाढ खुंटलेल्या ताकाहाशीसाठी मुख्याध्यापक कोबायाशी क्रीडादिनाच्या शर्यतीच वेगळ्या आखतात. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जाणे, बुटक्या पायऱ्या एकेक करून चढणे, अशा त्या शर्यती. लांब पायांची मुले त्यांत अडखळतात आणि ताकाहाशी सर्व शर्यती जिंकतो. बक्षीस म्हणून भाजी मिळते.