मिक्सर संगणकाला जोडायचा, पण तार कोणत्या खाचेत?

जयंतीच्या रात्री गायन पार्टी चार तास गाते, मैदान भरून लोक ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी हाती काय उरतं? गर्दीतून कुणीतरी मोबाईलवर घेतलेला, शिट्ट्यांत बुडालेला आवाज. त्यात शब्द कळत नाहीत, ढोलकी मात्र कानठळ्या बसवते. आता अनेक साऊंडवाल्यांकडे डिजिटल मिक्सर आलेत. गायक, कोरस, ढोलकी, हार्मोनियम, सगळे वेगवेगळ्या ट्रॅकवर थेट लॅपटॉपमध्ये घेता येतात. आम्ही हे चुकत-चुकत शिकलो, म्हणून लिहितो आहोत.

आमची पहिली चूक खाच ओळखण्याची होती. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसणारा बेहरिंगर एक्स३२ घ्या. त्याच्या मागे इंटरनेटच्या तारेसारख्याच दिसणाऱ्या चार खाचा असतात. 'इथरनेट' लिहिलेली खाच लॅपटॉपला किंवा राउटरला जोडायची, पण तिच्यातून आवाज येत नाही, फक्त नियंत्रण होतं. 'एईएस५०'च्या दोन खाचांतून आवाज जातो, पण तो स्टेजबॉक्सकडे. लॅपटॉपला लावली तर काहीच घडत नाही. चौथी 'अल्ट्रानेट', वादकांच्या मॉनिटरसाठी. आम्ही एईएस५० मध्ये तार खुपसून चाळीस मिनिटं लॅपटॉपलाच दोष देत बसलो होतो. तोवर पहिली दोन गाणी होऊन गेली.

मग आवाज कुठून घ्यायचा? मिक्सरच्या यूएसबी कार्डातून एका वेळी ३२ ट्रॅक मिळतात. पण यूएसबीची साधी तार पाचेक मीटरच्या पुढे भरवशाची नाही. लॅपटॉप लांब ठेवायचा असेल तर दांते कार्ड लागतं. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची ही पद्धत साध्या नेटवर्कवरून आवाज नेते आणि एक तार १०० मीटरपर्यंत चालते. लॅपटॉपमध्ये दांते व्हर्च्युअल साऊंडकार्ड (हे विकत घ्यावं लागतं) आणि दांते कंट्रोलर (हे फुकट) टाकायचं. कंट्रोलरमध्ये चौकटींची जाळी दिसते. मिक्सरचा कोणता चॅनल लॅपटॉपच्या कोणत्या चॅनलला जोडायचा, तिथे खूण करायची.

थोडा हिशेब करू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक चॅनल सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट घेतो, म्हणजे ३२ चॅनल ३७ मेगाबिटच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण आवाजाची पाकिटं वेळेवर पोचली पाहिजेत. म्हणून गिगाबिट स्विच घ्या, त्यातली वीजबचतीची सोय बंद करा आणि दांतेसाठी वायफायचा विचारही करू नका. दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच हवा, नाहीतर आवाज येणारच नाही किंवा टकटक येईल. घड्याळ मिक्सरचं चालू द्या.

नियंत्रणाला मात्र वायफाय चालतं. मिक्सरला १९२.१६८.१.५० आणि लॅपटॉपला १९२.१६८.१.६० असे पत्ते द्या: पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा. एक्स३२-एडिट हे मोफत सॉफ्टवेअर जोडलं जाताना विचारतं, माहिती मिक्सरकडून लॅपटॉपकडे आणायची की उलट? नेहमी मिक्सरकडून लॅपटॉपकडे. उलट केलंत तर साऊंडवाल्याने दुपारभर बसवलेलं सगळं क्षणात पुसलं जाईल, आणि तो तुम्हाला पुन्हा जवळ फिरकू देणार नाही. (त्याचं काही चुकणारही नाही.) मिक्सर स्वतः पासवर्ड मागत नाही, त्यामुळे त्याच वायफायवरचा कुणीही फेडर हलवू शकतो. राउटर वेगळा ठेवा आणि त्याचा पासवर्ड मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका.

ट्रॅक थेट इनपुटवरून घ्या. मग साऊंडवाल्याने फेडर कितीही खालीवर केला तरी आपल्या रेकॉर्डिंगला फरक पडत नाही. फक्त गेन बदलला तर पडतो, तेवढं त्याच्याशी आधी बोलून ठेवा. गायक-वादकांचीही परवानगी आधीच घ्या.

३२ ट्रॅकना तासाला साधारण १६.६ जीबी जागा लागते, चार तासांना ६६ च्या पुढे. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, त्याची झोप बंद करा. कार्यक्रम संपला की मांडव उतरवायच्या आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, आणि लॅपटॉप एकाच्या घरी, डिस्क दुसऱ्याच्या घरी जाऊ द्या.