जांभ्याखालची माती

मुंबईहून कोकण रेल्वेने गोव्यातल्या हरमलला निघालेले पर्यटक पेडण्याला उतरतात. त्याआधीचं मडुरे स्थानक मागे पडलं की गाडी सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि पाहता पाहता पलीकडे निघते. याच दीड किलोमीटरने एके काळी अख्खा मार्ग अडवून धरला होता.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये या मार्गाचं काम सुरू झालं, तेव्हा काळा कातळ कठीण असला तरी भरवशाचा निघाला. स्वीडनहून आणलेल्या यंत्रांनी तो फोडत पुढे सरकता आलं. रडवलं ते मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांनी. तिथे यंत्रं चालेनात. हाताने, थोडं थोडं खोदायचं, आणि खोदलेलं ढासळलं की पुन्हा पहिल्यापासून. या नऊ बोगद्यांत एकोणीस जीव गेले. त्यांतला हा पेडण्याचा बोगदा सर्वांत शेवटी हाती आला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

पेडण्याच्या डोंगरांवर जांभा आहे, घरांचे चिरे निघतात तोच. तो सच्छिद्र, पावसाचं पाणी सहज खाली सोडतो. त्याखाली मूळ खडक कुजून झालेली पांढरी, गुलाबी, पिवळसर चिकणमाती असते. तिचं सुकं ढेकूळ दगडासारखं टणक लागतं, पण भिजवून मळलं की बोटांतून निसटतं. मातीचे कण एकमेकांवर टेकून भार पेलतात. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की त्या भाराचा वाटा पाणी उचलतं आणि कणांची पकड सुटते. कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या या तत्त्वावर आजची मृदा यांत्रिकी उभी आहे.

पूल असता तर पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, या थरातून आरपार नेऊन खालच्या खडकात रोवता आले असते. बोगद्याला ती सोय नाही. त्याला त्याच मातीत राहायचं असतं, चारी बाजूंनी तिचा दाब सोसत.

म्हणून काम पुरं झालं तरी प्रश्न मिटला नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी आतल्या भिंतीचा सुमारे पाच मीटरचा भाग कोसळला. गाड्या मिरज-लोंढ्यामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये तर पाणी तळातूनच रुळांवर आलं. दोन्ही वेळा महिने पावसाळ्याचेच होते. म्हणूनच या डोंगरांत पायासाठी घेतलेली चाचणीची बोअर मे महिन्यात उगाच निर्धास्त करते. पिझोमीटर बसवून मातीतल्या पाण्याचा दाब मोजायचा, तो पाऊस पुरता मुरल्यावर, ऑगस्टमध्ये.