वतनदार जंतू

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडावरील त्यांचा अंमलही संपुष्टात आला. परंतु त्या कारभारातले ‘वतन’ आणि ‘सनद’ हे शब्द रायपूरच्या मराठी वाचकाला अद्याप परके झालेले नाहीत. बापाचे वतन मुलाकडे जावे, परक्याकडे जाऊ नये, हा मनुष्याचा दंडक. रुग्णालयात वास करणाऱ्या काही जंतूंनी मात्र तो धाब्यावर बसविला असून, औषधाला न जुमानण्याचे आपले वतन ते वंशजांनाच नव्हे, तर शेजारच्या भिन्न जातीच्या जंतूंनाही बहाल करीत असतात.

रायपुरात टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून चालू आहे. आणि १९६३ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले डॉ. आंबेडकर रुग्णालय तर ‘मेकाहारा’ या नावानेच सर्वतोमुखी झाले आहे. बस्तर, सरगुजा आणि पश्चिम ओडिशातून येथे येणारे रुग्ण बहुधा गावच्या दवाखान्यातून नाना गोळ्या-इंजेक्शने घेऊन आलेले असतात. अतिदक्षता विभागात श्वासनलिकेत नळी, मूत्रमार्गात कॅथेटर आणि शिरेत सुई, अशी शरीराच्या तटाला तीन खिंडारे पडली, की क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास यांसारख्या जंतूंना आत शिरण्यास वाट सापडते. आणि अशा ठिकाणी औषधांचा भडिमार अखंड चालू असल्यामुळे, तो सोसून उरलेल्यांचीच तेथे वस्ती होते.

औषध प्रतिकार निर्माण करीत नाही, ते केवळ दुबळ्यांना छाटून प्रतिकारक्षमांना मोकळे रान देते, हे येथे ध्यानी घ्यावे. कोणी जंतू औषध फोडणारे विकर (एन्झाइम) बनवितो, कोणी ते आपल्या पेशीतून उपसून बाहेर टाकतो, कोणी ज्या दारातून ते आत येते ते दारच बंद करतो. आणि या विद्येची सनद पुष्कळदा ‘प्लाझ्मिड’ नामक जनुकद्रव्याच्या लहानशा कड्यावर लिहिलेली असल्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले ते १९५५ च्या सुमारास, म्हणजे इशाऱ्यानंतर! पुढे मेथिसिलिन हे औषध आले १९५९ साली, आणि त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू इंग्लंडात आढळला १९६१ साली. २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या मूत्रात असा क्लेब्सिएला सापडला, की ज्याच्या विकरापुढे कार्बापेनेम वर्गाची राखीव औषधेही हतबल झाली. त्या विकराच्या नावात आपल्या राजधानीचे नाव गोवले गेले, आणि त्यावरून बराच वाद माजला. अशा वेळी वैद्याच्या हाती पुष्कळदा उरते ते कॉलिस्टिन, मूत्रपिंडाला बाधक म्हणून एकेकाळी अडगळीत पडलेले. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात घालण्यास भारत सरकारने २०१९ साली मनाई केली, यावरून त्याचे मोल कळावे. जंतूंच्या या औषध-प्रतिकारामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली असा अंदाज आहे.

यावरचा बंदोबस्त दिखाऊ नाही. व्हिएन्नातील वैद्य सेमेलवाइसने १८४७ साली क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती करून बाळंतिणींचे मृत्यू घटविले; आजही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात स्वच्छ करणे हाच जंतूंच्या वतनाला पहिला अटकाव होय. औषधविषयक नियमांतील, २०१४ पासून अमलात असलेल्या एच-वन परिशिष्टान्वये कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपावयाची असते. परंतु सर्दी-पडशासाठी ‘दोन दिवसांच्या गोळ्या द्या’ म्हणून अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंद कोणत्या वहीत व्हावी?

प्रयोगशाळेत जंतूंनी माखलेल्या तबकडीवर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडले, तर टिकलीभोवती जंतुरहित, स्वच्छ वर्तुळ उमटते. त्या वर्तुळाची वाट पाहण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि नातेवाइकांचा जीव तेवढा काळ टांगणीला लागतो. तबकडीवर एकही वर्तुळ न उमटण्याचा दिवस लांबविणे आपल्या हाती आहे. आणि त्याचा आरंभ रुग्णालयात नव्हे, तर घरच्या कपाटात उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पाकिटापासून होतो.